आधी जिवाणू, मग मासे

नवा फिश टँक घरी आला की पहिला आठवडा मजेत जातो. काचेची पेटी, फिल्टर, रंगीत खडी आणि प्लास्टिकच्या पिशवीतले सहा निऑन टेट्रा एकाच रविवारी, एकाच फेरीत आणलेले असतात. पाणी आरशासारखे स्वच्छ, मासे चपळ, मुले खूश. दुसऱ्या आठवड्यात एक मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो, दुसरा कोपऱ्यात कल्ले जोरजोरात हलवत पडून राहतो आणि बघता बघता पेटी रिकामी होते. मग दुकानदाराला बोल लावला जातो, किंवा मासेच नाजूक होते असे ठरते. मासे नाजूक असतात हे खरेच. पण ते गेले त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. त्यांच्या आधी ज्यांनी टँकमध्ये बिऱ्हाड करायला हवे होते, ते जिवाणू अजून आलेलेच नव्हते.

हे जिवाणू कोणते, ते कशावर जगतात आणि त्यांना स्थिरावायला महिना-दीड महिना का लागतो, याचा उलगडा 1890 च्या सुमारास झुरिकमध्ये झाला. तो करणारे सर्गेई विनोग्राद्स्की माशांचे अभ्यासक नव्हते. त्यांचा विषय होता माती, झऱ्याचे पाणी आणि डबक्यातला चिखल. तरीही आज कुठल्याही घरात माशांचा टँक वर्षानुवर्षे नीट चालत असेल, तर तो त्यांनी शोधलेल्या व्यवस्थेवर चालतो. टँक लावणाऱ्याने त्यांचे नाव ऐकलेले असो वा नसो.

विनोग्राद्स्की यांचा जन्म 1856 साली किव्हमध्ये एका सधन कुटुंबात झाला. किव्ह आज युक्रेनची राजधानी आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते. पैशाची ददात नव्हती, बुद्धीही तल्लख होती. पण मन कशात रमेना. किव्ह विद्यापीठात आधी कायद्याच्या वर्गात नाव घातले, ते सोडून विज्ञानाकडे वळले, तेही कंटाळवाणे वाटले. मग संगीत. 1875 मध्ये ते सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात पियानो शिकायला गेले. गुरू होते थिओडोर लेशेटिट्स्की, ज्यांच्या हाताखाली पुढे पाडेरेव्स्कीसारखा जगप्रसिद्ध वादक तयार झाला. पण दोन वर्षांत पियानोही सुटला. मुलाने तिसऱ्यांदा अभ्यासक्रम बदलला म्हणून आज ज्या घरांत रात्रीची झोप उडते, त्या घरांनी हा भाग दोनदा वाचायला हरकत नाही. 1877 मध्ये विनोग्राद्स्की पुन्हा निसर्गविज्ञानाच्या वर्गात जाऊन बसले, या वेळी सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात, आणि या वेळी मात्र टिकले. वनस्पतिशास्त्रज्ञ फामिंत्सिन यांच्याकडे त्यांनी वाइनवर साय धरणाऱ्या एका यीस्टवर काम केले. पोषण थोडे थोडे बदलायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तीच पेशी कशी बदलते हे पाहत बसायचे, अशी ती पद्धत होती. सूक्ष्मजीवाला खायला काय द्यायचे हे आपण ठरवायचे आणि मग त्याच्याकडे धीराने बघत राहायचे, ही सवय त्यांना जन्मभर पुरली.

1885 मध्ये ते स्ट्रासबुर्गला अंतोन दे बारी यांच्या प्रयोगशाळेत गेले. तो काळ रॉबर्ट कॉख यांचा. क्षयाचा जंतू 1882 मध्ये सापडला होता, पटकीचा त्यानंतर लगेच. जो तो रोगाचे जंतू शोधण्याच्या मागे होता. विनोग्राद्स्की यांनी मात्र निवडला बेजियाटोआ नावाचा निरुपद्रवी जिवाणू. गंधकाच्या झऱ्यांत पांढऱ्या धाग्यांच्या रूपात तो वाढतो आणि त्याच्या धाग्यात गंधकाचे चकाकणारे कण दिसतात. हे कण तिथे कशासाठी, हा प्रश्न होता. विनोग्राद्स्की यांनी काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात काही धागे ठेवले, त्यांना हायड्रोजन सल्फाइड विरघळलेले पाणी दिले, दिवसातून अनेकदा ते बदलले आणि पाहत राहिले. सल्फाइड मिळाले की धाग्यांत गंधक साठायचे. ते बंद केले की साठा हळूहळू संपायचा आणि पाण्यात सल्फेट तयार व्हायचे. साठा पूर्ण संपला की धागे मरायचे. 1887 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की आपण अन्न जाळून ऊर्जा मिळवतो, तसा हा जीव गंधक जाळून ऊर्जा मिळवतो. निर्जीव रसायनाच्या ज्वलनावर कुणी जगू शकते, ही कल्पनाच तोपर्यंत कुणी गंभीरपणे मांडली नव्हती.

1888 च्या सुरुवातीला दे बारी यांचे निधन झाले आणि विनोग्राद्स्की झुरिकला गेले. तिथे त्यांनी हाती घेतलेला प्रश्न शेतीतला होता. पण त्या प्रश्नाची एक गाठ काचेच्या पेटीतल्या माशांशीही पडलेली होती, आणि ती गाठ लंडनच्या एका घरात, एका बापलेकांच्या रूपाने सापडते.

रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनचे रसायनशास्त्रज्ञ. 1849 च्या सुमारास त्यांनी काचेच्या टाकीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. झाडाने प्राणवायू द्यायचा, माशांनी कार्बन डायऑक्साइड द्यायचा, असा हिशेब. पण काही दिवसांत कुजक्या पानांनी पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांनी गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने खाल्ली आणि पेटी चालू राहिली. या प्रयोगानंतर इंग्लंडमध्ये फिश टँकचे वेड पसरले. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले आणि फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकांनी अ‍ॅक्वेरिअम हा शब्द घरोघरी पोहोचवला. वॉरिंग्टन यांचा हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. वायूंची देवाणघेवाण त्यांनी मांडली, पण माशाच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या पदार्थाचा त्यात पत्ता नव्हता. तो पदार्थ म्हणजे अमोनिया.

प्रथिने पचली की अमोनिया तयार होतोच, माणसातही आणि माशातही. माणसाचे यकृत तो लगेच युरियात बदलते आणि मूत्रपिंडे युरिया बाहेर टाकतात. यकृत निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात अमोनिया साठला की तो भ्रमिष्ट होतो, हात थरथरतात, शेवटी बेशुद्धी येते. सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात हे दृश्य नेहमीचे आहे. गोड्या पाण्यातले बहुतेक मासे ही युरियाची खटपट करत नाहीत. ते अमोनिया सरळ कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतात. नदीत हे खपते, कारण पाणी अफाट असते आणि वाहते असते. साठ लिटरच्या पेटीत मात्र मासा स्वतःच्याच मलमूत्रात पोहत असतो. त्यात वर टाकलेले, न खाल्लेले खाणे कुजून आणखी अमोनिया देते. अमोनियाला रंग नाही, आणि टँकमध्ये असतो तेवढ्याला वासही नाही. म्हणून स्वच्छ दिसणारे पाणी माशाला मारू शकते.

अमोनियाचे विष पाण्याच्या आम्लतेवरही अवलंबून असते. पाण्यात तो दोन रूपांत असतो. त्यातले एक रूप फारसे घातक नाही, दुसरे कल्ल्यांतून सरळ रक्तात शिरते. 25 अंश सेल्सिअसला पाण्याचा पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी घातक रूप एक टक्क्याहूनही कमी असते. पीएच 8 झाला की ते पाच टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे अमोनिया तेवढाच, पण विष जवळपास दहापट. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्यावर टँक चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता हा अमोनिया जातो कुठे? निसर्गात तो साठून राहत नाही हे शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. शेणखत मातीत मिसळले की काही काळाने त्यातून सोरा, म्हणजे नायट्रेट, तयार होतो. हे रासायनिक क्रियेने होते असा समज होता. 1877 मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्यूंट्स या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या उंच नळीतून शहराचे सांडपाणी थेंब थेंब सोडले. पहिले वीस दिवस काहीच झाले नाही, अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. त्यानंतर नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते बंद झाले. मातीचे पाणी घालून पुन्हा विरजण लावल्यावर पुन्हा सुरू झाले. निव्वळ रसायनाला क्लोरोफॉर्मने गुंगी येत नाही, तेव्हा हे काम कुणा सजीवाचे होते. नव्या टँकच्या मालकाने ती वीस दिवसांची गोष्ट मनावर कोरून ठेवावी. ती नळी म्हणजे आजच्या फिल्टरचा पूर्वजच होता.

हा सजीव कोण, हे शोधायला इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात एक रसायनशास्त्रज्ञ बसले होते. त्यांचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन, गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टन यांचे चिरंजीव. अमोनियाचे आधी नायट्राइट होते आणि मग नायट्राइटचे नायट्रेट, आणि या दोन पायऱ्यांवर दोन वेगळे जीव काम करतात, इथपर्यंत ते पोहोचले. पण तो जीव काही त्यांच्या हाती लागला नाही. कारण सगळे जण कॉख यांच्या पद्धतीने शोधत होते. मांसाचे सूप घातलेल्या जिलेटिनवर जिवाणू वाढवायचे, ही ती पद्धत. त्या जिलेटिनवर मातीतले असंख्य जिवाणू भराभर वाढायचे, पण त्यातला एकही अमोनियाला हात लावत नसे.

विनोग्राद्स्की यांनी झुरिकमध्ये उलटा विचार केला. गंधकावर जगणारा जीव त्यांनी पाहिला होता, तर अमोनियावर जगणारा का नसावा? आणि असा जीव असेल तर त्याला मांसाचे सूप कशाला? त्यांनी झुरिकच्या तलावाचे पाणी घेतले, त्यात अमोनियम सल्फेट, थोडे पोटॅशियम फॉस्फेट आणि मॅग्नेशियम कार्बोनेट घातले. साखर नाही, प्रथिने नाहीत, नेहमीच्या जिवाणूंच्या पोटाला घालण्यासारखे काहीही नाही. त्यात चिमूटभर माती टाकली. अमोनिया संपला की त्यातला थेंब नव्या फ्लास्कमध्ये, तिथला संपला की आणखी नव्या. इतर जिवाणू उपासमारीने गळत गेले आणि ज्याला फक्त अमोनिया हवा होता तो उरला. तरीही काही सोबती चिवटपणे टिकून राहिले. तेव्हा त्यांनी जिलेटिनचाच उलटा उपयोग केला. जिथे काहीच उगवले नाही अशा जागा पट्टीवरून उचलायच्या आणि फ्लास्कमध्ये टाकायच्या, कारण आपला जीव तिथे न वाढता नुसता बसलेला असू शकतो! पुढे त्यांनी जिलेटिन टाकून वाळूपासून मिळणाऱ्या सिलिकाची पारदर्शक खळ वापरली आणि त्यावर हे जिवाणू शुद्ध रूपात वाढवले. अमोनियाचे नायट्राइट करणाऱ्याला नायट्रोसोमोनास आणि नायट्राइटचे नायट्रेट करणाऱ्याला नायट्रोबॅक्टर, ही नावे त्यांनीच दिली. 1890 आणि 1891 मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात हे काम टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाले.

या फ्लास्कमध्ये त्यांना दिसलेल्या तीन गोष्टी टँक लावणाऱ्याच्या थेट उपयोगाच्या आहेत. पहिली अशी की जिवाणू पाण्यात तरंगत नव्हते. ते तळाशी पडलेल्या मॅग्नेशियम कार्बोनेटच्या कणांना चिकटून, त्यांच्यावर आवरण धरून बसले होते. वरचे पाणी जवळपास नितळ. टँकमध्येही हेच होते. जिवाणूंची वस्ती असते फिल्टरच्या स्पंजवर, सिरॅमिकच्या नळकांड्यांवर, खडीवर. जुन्या टँकचे नुसते पाणी आणून नव्यात ओतले तर त्याने फारसे काही साधत नाही. त्याच टँकच्या फिल्टरमधला मळका स्पंज आणला तर वस्तीच्या वस्ती हलवल्यासारखे होते, फक्त तो टँक रोगमुक्त असायला हवा. आणि दर रविवारी हाच स्पंज नळाखाली चोळून पांढराशुभ्र करणारे लोक दर रविवारी आपल्या टँकची मोरी बुजवत असतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन या जिवाणूंना मारण्यासाठीच तर घातलेले असते, म्हणजे त्यांच्या भाऊबंदांसाठी. स्पंज धुवायचाच तर टँकमधून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा.

दुसरी गोष्ट कार्बोनेटची. अमोनियाचे ज्वलन होताना आम्ल तयार होते. ते मारले नाही तर जिवाणू स्वतःच्याच आम्लात गारठतात. फ्लास्कमधले कार्बोनेट हे काम करत होते. फार मऊ पाणी वापरले आणि पीएच 6 च्या खाली घसरला, तर टँकची तयारी मध्येच अडते आणि मालकाला कारण कळत नाही. डिस्कससारख्या माशाला मऊ, किंचित आम्ल पाणी लागते हे खरे, पण जिवाणू बसेपर्यंत पीएच 7 च्या थोडा वर ठेवून नंतर तो हळूहळू खाली आणणे सोयीचे पडते.

तिसरी गोष्ट वेळेची. विनोग्राद्स्की यांनी मोजून पाहिले की या जिवाणूंना आपल्या शरीरात 1 ग्रॅम कार्बन बांधण्यासाठी अमोनियातला सुमारे 35 ग्रॅम नायट्रोजन जाळावा लागतो. इतका तोट्याचा व्यवसाय करणारा वाढणार किती वेगाने? आपल्या आतड्यातला ई. कोलाय चांगले खाणे मिळाले तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. नायट्रोसोमोनासला अनुकूल परिस्थितीतही आठ तास लागतात, बऱ्याचदा दिवसभर. त्यात दुसऱ्या पायरीच्या जिवाणूंना पहिल्याने नायट्राइट बनवेपर्यंत खायलाच काही नसते. म्हणून चार ते सहा आठवडे.

या काळात टँक रिकामा ठेवून चालत नाही, आणि त्यात मासेही नकोत. हौशी मंडळी याला टँक सायकल करणे म्हणतात. फिल्टर आणि एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवायचा, हीटरने पाणी 26 ते 28 अंशांवर ठेवायचे, आणि अमोनिया बाहेरून द्यायचा. त्यासाठी एक तर रोज चिमूटभर माशांचे खाणे टाकून ते कुजू द्यायचे, किंवा सुगंध आणि साबण नसलेले शुद्ध अमोनियाचे द्रावण थेंब मोजून घालायचे, लिटरला सुमारे 2 मिलिग्रॅम होईल इतके. पाणी नळाचे असेल तर क्लोरीन आधी घालवायला हवे. साधे क्लोरीन बादलीत हवेचे बुडबुडे सोडून रात्रभर ठेवले तर उडून जाते, क्लोरामाइन मात्र उडत नाही. त्यासाठी दुकानात मिळणारे क्लोरीन मारायचे थेंब लागतात. डायलिसिस विभागातही रुग्णासाठी वापरायच्या पाण्यातले क्लोरामाइन रोज तपासतात, कारण ते तांबड्या पेशी फोडते. माशाचे कल्ले म्हणजे चोवीस तास उघडे डायलिसिसच समजा.

टेस्ट किटने दर दोन दिवसांनी पाणी तपासत गेले तर झुरिकच्या फ्लास्कमधला सगळा इतिहास डोळ्यांसमोर घडतो. आधी अमोनिया चढतो. आठ-दहा दिवसांनी तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. इथे पुष्कळ जण फसतात. अमोनिया शून्य आला म्हणून मासे आणतात. पण नायट्राइट कमी घातक नाही. ते माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन करते, आणि त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. रक्त चॉकलेटच्या रंगाचे होते आणि भरपूर हवा असलेल्या पाण्यात मासा गुदमरतो. नायट्रेटचे प्रमाण जास्त असलेल्या विहिरीचे पाणी वापरून दूध तयार केले तर तान्ही बाळे निळी पडतात, तो याच विकाराचा मानवी अवतार. नायट्राइटची लाट पहिल्या लाटेपेक्षा लांबते. कधी दोन, कधी तीन आठवडे. ती ओसरून नायट्रेट दिसू लागले आणि संध्याकाळी घातलेला 2 मिलिग्रॅम अमोनिया दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पूर्ण नाहीसा होऊन नायट्राइटही शून्य आले, की टँक तयार. मग निम्म्याहून अधिक पाणी बदलून साठलेले नायट्रेट कमी करायचे आणि मासे आणायचे, तेही थोडे थोडे. आधी काटक जातीचे तीन-चार, दोन आठवडे तपासून मग निऑन टेट्रा किंवा डिस्कस. कारण जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाच्या मापातच राहते, वीस माशांचा भार एकदम आला तर तिला वाढायला पुन्हा दिवस लागतात. वीज गेली आणि फिल्टर तासन्‌तास बंद राहिला तरी वस्ती घुसमटते, कारण या जिवाणूंना प्राणवायू भरपूर लागतो. भारनियमनाच्या गावात बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप महागड्या सजावटीपेक्षा जास्त कामाचा. आणि हातावर जखम असेल तर टँकमध्ये हात घालू नये. क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद टँकच्या पाण्यात राहतो आणि त्याने बोटांवर महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी येतात.

झुरिकच्या कामाने विनोग्राद्स्की यांचे नाव झाले. पॅरिसहून पाश्चर इन्स्टिट्यूटचे बोलावणे आले, पण 1891 मध्ये ते मायदेशी परतले आणि सेंट पीटर्सबर्गच्या नव्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. शरीरक्रियाशास्त्र विभाग पावलोव्ह यांच्याकडे होता. इथेच विनोग्राद्स्की यांनी हवेतला नायट्रोजन पकडून ठेवणारा, प्राणवायूशिवाय जगणारा जिवाणू मातीतून वेगळा केला आणि पाश्चर यांच्या सन्मानार्थ त्याला क्लॉस्ट्रिडियम पाश्चुरिआनम हे नाव दिले. पुढे ते संस्थेचे संचालक झाले. पण प्रकृती साथ देईना. 1905 च्या सुमारास, पन्नाशीच्या आत, ते प्रयोगशाळा सोडून युक्रेनमधल्या आपल्या जमीनदारीवर राहायला गेले आणि शेती पाहू लागले. पंधरा वर्षांहून अधिक काळ विज्ञानाशी संबंध जवळजवळ तुटला. अनेकांना ते हयात नाहीत असेच वाटत असावे.

1917 ची क्रांती आणि त्यामागून आलेले यादवी युद्ध यांत ती जमीनदारी गेली, देशही सुटला. 1921 मध्ये ते बेलग्रेडला प्राध्यापक म्हणून पोहोचले. पुढच्याच वर्षी पाश्चर इन्स्टिट्यूटचे प्रमुख एमिल रू यांनी त्यांना पुन्हा बोलावले. तीस वर्षांपूर्वी नाकारलेले निमंत्रण या वेळी त्यांनी स्वीकारले. वय झाले होते सहासष्ट. पॅरिसजवळच्या ब्री-कोंत-रोबेर या गावी त्यांच्यासाठी मृदाजीवशास्त्राची प्रयोगशाळा उभी राहिली. आपल्याकडे या वयात माणसाला सकाळी फिरायला जाण्याचे सल्ले मिळतात. विनोग्राद्स्की यांच्या कामाची आणखी तीन दशके उरली होती. फ्लास्कमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पोसलेला जिवाणू हा पाळीव झालेला असतो, मातीत तो कसा वागतो हे मातीतच पाहायला हवे, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी नव्या पद्धती बसवल्या. त्यांची मुलगी हेलेन त्यांच्याबरोबर काम करायची. तिने सांडपाणी शुद्ध करणाऱ्या गाळातले, अमोनिया जाळणारे जिवाणू अभ्यासले. शहराचा मैलापाणी प्रकल्प आणि टँकचा फिल्टर यांत फरक आकाराचा, रहिवासी त्याच कुळातले.

1935 मध्ये नेदरलँड्सच्या विज्ञान अकादमीने त्यांना लेवेनहूक पदक दिले. दुसरे महायुद्ध त्यांनी फ्रान्समध्येच काढले. 1949 मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, मातीच्या सूक्ष्मजीवशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. 1953 मध्ये वयाच्या 96 व्या वर्षी ब्री-कोंत-रोबेर इथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले ते सेलमन वॅक्समन यांनी. क्षयावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, ज्यांच्या प्रयोगशाळेतल्या मातीच्या जिवाणूंतून निघाले, तेच हे वॅक्समन.

विनोग्राद्स्की यांच्या कामात भर पडत राहिली, आणि गंमत म्हणजे ती पुन्हा माशांच्या टँकमधूनच पडली. घरगुती टँकमध्ये नायट्राइट जाळण्याचे काम मुख्यत्वे नायट्रोबॅक्टर नव्हे तर नायट्रोस्पायरा नावाचे जिवाणू करतात, हे 1990 च्या दशकाच्या अखेरीस कळले. नव्या टँकसाठी जिवाणूंची बाटली घेताना लेबलावर हे नाव पाहणे म्हणूनच शहाणपणाचे. आणि बाटली टाकली तरी पाणी तपासल्याशिवाय मासे सोडू नयेत. 2005 मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल अ‍ॅक्वेरिअमच्या एका टाकीतल्या खडीतून अमोनिया जाळणारा एक सूक्ष्मजीव वेगळा केला गेला, जो जिवाणूच नव्हता, आर्किया या निराळ्याच कुळातला होता. आणि 2015 मध्ये दोन्ही पायऱ्या एकट्याने चढणारा नायट्रोस्पायरा सापडला. अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंत, मध्ये कुणाच्या मदतीशिवाय. त्या वर्षी तो दोन ठिकाणी मिळाला. एक होती रशियातल्या एका खोल विहिरीच्या पाइपवर साचलेली साय, आणि दुसरी, मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेला फिल्टर.